सरकारचे गुपित आणि रुग्णाची अमानत

सरकारी दवाखान्यात दोन प्रकारची गोपनीयता एकत्र नांदते. एक रुग्णाची, दुसरी सरकारची. पहिली फार जुनी आहे. रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर सांगू नये, असे चरकसंहितेने वैद्याला बजावले आहे. हिपोक्रेटिसच्या नावाची ग्रीक शपथ पुढे अरबीत आली आणि नवव्या शतकात इसहाक बिन अली अर्-रुहावी यांनी तबीबाच्या आचारावर ‘अदबुत्तबीब’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उर्दूत यासाठी नेमका शब्द आहे, अमानत. ठेवायला दिलेली, पण मालकी दुसऱ्याची असलेली वस्तू. सरकारची गोपनीयता मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आतलीच, आणि ती वैद्यकातून आलेली नाही.

इंग्रज सरकारने 1889 साली हिंदुस्थानात शासकीय गुपितांचा कायदा केला. किल्ले, नकाशे, हेर असा त्याचा मुख्य रोख होता. सात वर्षांनी मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात, नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबई हे व्यापाराचे बंदर. ‘प्लेग’ हा शब्द अधिकृतपणे उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावणार, हे सगळ्यांना कळत होते. तरीही व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत तो शब्द उच्चारला. त्यांना ते जमले याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. ते खासगी व्यवसाय करणारे डॉक्टर होते आणि निवडून आलेले नगरसेवक. सरकारी नोकर नव्हते. वरिष्ठांची परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता.

रुग्णाच्या अमानतीचे त्याच प्लेगात काय झाले? 1897 च्या साथरोग कायद्याने घरात शिरून झडती घेण्याचे अधिकार मिळाले. प्लेगने मृत्यू झालेल्या घरांवर लाल वर्तुळे रंगवली गेली. जाणाऱ्या-येणाऱ्याने मोजावीत अशी. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्याच्या परिसरात प्लेगचे पथक एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला आले. जुलाहा वस्ती आडवी आली, दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. याला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण घरातली आजारी लेक परक्या माणसांनी उचलून नेणे ही त्या वस्तीसाठी अब्रूची गोष्ट होती, हे त्या पथकाला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

1903 च्या डिसेंबरात कर्झनच्या सरकारने गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. लष्करी आणि आरमारी बाबींच्या पंगतीला आता मुलकी बाबीही बसवायच्या होत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात याच मुद्द्यावर कडाडून विरोध केला. किल्ल्याचा नकाशा आणि कारभाराचा कागद यांना एकच माप कसे लावता, असा त्यांचा रोख होता. 1904 साली काही फेरफारांसह दुरुस्ती मंजूर झाली. मग आला 1923 चा कायदा. तो आजही लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात सांगणारा आणि घेणारा दोघेही अडकू शकतात, पण ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात कुठेच नाही.

प्रत्यक्षात दवाखान्यातल्या माणसाला या कायद्याखाली तुरुंगात टाकावे लागत नाही. त्याच मनोवृत्तीचे वर्तणूक नियम पुरतात. मी शिक्षक आहे, त्या नियमांची भाषा मला अनोळखी नाही. वर्तमानपत्राशी बोलू नये, शासनावर टीका करू नये, माहिती परस्पर देऊ नये.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याने यात खरा फरक केला. बाविसाव्या कलमाने तो गुपितांच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरला. जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यायची आहे. केंद्राच्या वर्तणूक नियमातले माहितीविषयीचे कलमही बदलले. माहिती द्यावी, अशी त्याची भाषा झाली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्ये 1923 चा कायदाच रद्द करा, असे सांगितले. ते मात्र झाले नाही.

त्यानंतर 2020 साल आले. मार्चमध्ये कर्नाटकात घरी विलगीकरणात असलेल्या हजारो लोकांचे पत्ते सरकारनेच जाहीर केले. महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्के मारले गेले. 1 एप्रिलला काश्मीरच्या आरोग्य संचालनालयाने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना बजावले की माध्यमांतून प्रशासनावर टीका केली तर कारवाई होईल. त्याच महिन्यात आंध्रातल्या नरसीपट्टणमच्या सरकारी रुग्णालयातील एका भूलतज्ज्ञाने मास्क मिळत नसल्याचे उघड सांगितले. त्याला निलंबित करण्यात आले. किती मास्क आहेत हे गुपित, आणि विलगीकरणातल्या माणसाचा पत्ता जाहीर!

दिल्लीच्या दैनंदिन आरोग्यपत्रकात तेव्हा मरकजमधून आलेल्या रुग्णांचा आकडा वेगळ्या रकान्यात छापला जात होता. इतर कोणत्या रुग्णाच्या प्रार्थनास्थळाला रकाना नव्हता. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने आरोग्य विभागाला पत्र लिहून हरकत घेतली, तेव्हा त्या रकान्याचे नाव बदलले. तोवर तो आकडा घरोघरी पोचला होता.