खेळण्यानं घातलेलं काज

शिवणकामात सगळ्यात चिवट काम काज करण्याचं. माझ्याकडे सासूबाईंचं उषाचं पायमशीन आहे. ते सरळ टीप मारतं. काज मात्र हातानं. आधी कापडाला नेमकी चीर द्यायची, मग तिच्या कडेनं टाक्याला टाका लावून गुंफत जायचं, टोकाला आडवे टाके घालून बंद करायचं. एका सदऱ्याची काजं होईपर्यंत मान भरून येते. भोर तालुक्यातल्या आमच्या भोंगवलीत आणि आसपास कामथडी, किकवीकडे घरी शिवणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांनाही हे सांगावं लागणार नाही. म्हणून 2000 साली जपानमध्ये जग्वार कंपनीनं काढलेलं एक मशीन मला फार मोलाचं वाटतं. ते काज आपोआप घालायचं, आणि ते कसं घालायचं हे त्याला सांगायचा मुलांच्या हातातला गेम बॉय.

गेम बॉय आपल्याकडे थोड्याच घरांत आला. आपल्या पोरांनी जत्रेतला ‘9999 इन 1’ लिहिलेला ब्रिक गेम खेळला. खरा गेम बॉय निन्टेंडोचा. ही कंपनी 1889 मध्ये क्योटो शहरात पत्ते बनवण्यासाठी निघाली, आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1989 मध्ये, तिनं हा हातातला खेळ बाजारात आणला. तो घडवण्यात गुन्पेई योकोई यांचा मोठा वाटा होता. जुनी, स्वस्त झालेली, खात्रीची तंत्रं घ्यायची आणि त्यांचा नवा उपयोग शोधायचा, असं ते मानत. त्यामुळे गेम बॉयला रंग नव्हते. 160 गुणिले 144 ठिपक्यांचा हिरवट पडदा, चार छटा आणि चार पेन्सिल सेल. पण तो पडला-झडला तरी चालायचा आणि सेल पुष्कळ पुरायचे.

त्याच्या कडेला वायर लावायची एक खाच होती, दोन मुलांनी आपापले गेम बॉय जोडून खेळावं म्हणून. पुढे त्याच खाचेला छोटं छपाईयंत्र जोडता येऊ लागलं. खेळाची कॅसेट बसते तिथे कॅमेरा बसला. ही दोन्ही 1998 ची. त्याच वर्षी बांदाई कंपनीनं गेम बॉयला जोडायचं, पाण्यातले मासे शोधणारं यंत्र काढलं. भाटघर धरणाच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्यांना ते दाखवावं असं मला फार वाटतं. पण या सगळ्या जोडांत शिलाई मशीन वेगळं, कारण तिथे खेळणं मालक होतं आणि चाळीस-पन्नास वर्षं टिकणारी वस्तू त्याची जोड.

हे का सुचलं असेल, ते शिवणाऱ्याला लगेच कळतं. पूर्वी झिगझॅग मशीनमध्ये नक्षीसाठी खाचांच्या चकत्या घालत. जशी चकती, तसा टाका. 1975 मध्ये सिंगरनं अथीना 2000 हे इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं, 1979 मध्ये जानोमेनं मेमरी 7 हे घरगुती संगणकी मशीन. चकत्या गेल्या, पण मशीन महागलं. पैसे पडायचे ते पडदा, बटणं आणि आतल्या चिपचे. जग्वारनं तिथेच हात घातला. पडदा, बटणं, चिप हे सगळं तर घरातल्या मुलाच्या हातात आधीच आहे! मग ते मशीनमध्ये कशाला भरायचं? त्यांच्या या मशीनला, जेएन-100 ला, वायरीनं गेम बॉय जोडायचा, शिवणाची कॅसेट घालायची, पडद्यावर टाका निवडायचा. गेम बॉय मशीनला दर टाक्याचा हिशेब पाठवी: सुई डावी-उजवीकडे किती हलवायची, कापड पुढे-मागे किती सरकवायचं. काज, वेलबुट्टी, अक्षरं, सगळं याच दोन हालचालींचं. अमेरिकेत हेच मशीन सिंगरनं आयझेक नावानं विकलं.

शिलाई मशीनच्या इतिहासात यंत्र सुधारणारे पुष्कळ झाले. माझा मान त्याहून, ते बाईच्या ऐपतीत आणणाऱ्यांना. आयझॅक सिंगर यांना 1851 मध्ये पेटंट मिळालं, पण त्यांचं मशीन घरोघरी गेलं ते कंपनीनं हप्त्यानं विकायला सुरुवात केल्यावर. गांधीजी यंत्रांविषयी किती कठोर, तरी 1924 मध्ये त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट वाचावेत या मायेतून ते जन्मलं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं उषा काढलं, म्हणून माझ्या सासूबाईंसारख्यांच्या घरात मशीन आलं. पुढे जिल्हा परिषदांनी अनुदानावर मशीनं वाटली. जग्वारची युक्ती मी याच रांगेत बसवते.

ती फार चालली नाही. 2001 मध्ये भरतकामाचा हात जोडता येणारं जेएन-2000 आणि निन्टेंडोच्या खेळांतल्या मारिओच्या चित्रांची कॅसेट आली, पण त्याच वर्षी निन्टेंडोनं गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणला आणि मुलं तिकडे वळली. अमेरिकेत तर भरतकामाचा हात जाहीर होऊनही विक्रीला आला नाही. माझ्या मते दोष कल्पनेचा नव्हता, दोन वस्तूंच्या वेगवेगळ्या आयुष्यांचा होता. माझ्या मशीनचा पट्टा, शटल, बॉबिन केस आजही भोरच्या बाजारात मिळते. खेळण्याचं तसं नसतं. दहा वर्षांत जुनं होतं. आज मात्र जवळपास प्रत्येक शिवणारीच्या घरात मोबाइल आहे, त्याला पडदा आहे, चिप आहे. स्वस्त, साधं मशीन आणि त्याला कोणताही मोबाइल जोडायची एक उघडी खाच, एवढं कुणीतरी करायला हवं.

आणि त्यात मराठी अक्षरं हवीत. बारशाला टोपड्यावर बाळाचं नाव घालून मागतात, ते मी हातानं घालते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, दोन अक्षरांमधला दोरा प्रत्येक ठिकाणी कातरावा लागतो. आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा आहे. आधी खालची अक्षरं एकामागून एक घालायची, एकातून दुसऱ्याकडे दोरा वरूनच न्यायचा, आणि शेवटी उलट येत दाट टाक्याची रेघ मारायची. मधले सगळे दोरे तिच्याखाली झाकले जातात, कातरी लावावी लागते ती एकदाच.