फॉकलंडच्या आकाशातले इंधनाचे गणित

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात दक्षिण अमेरिकेचे खालचे टोक पाहा. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून पूर्वेला सुमारे ५०० किलोमीटरवर दोन मोठ्या आणि पुष्कळ लहान बेटांचा एक पुंजका दिसेल. इंग्रज त्याला फॉकलंड म्हणतात, अर्जेंटिनाचे लोक माल्विनास. १९८२ साली तिथे दोन हजारांहून कमी माणसे राहत होती, मेंढ्या मात्र लाखोंनी. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने ही बेटे ताब्यात घेतली. ती परत घेण्यासाठी ब्रिटनने जे आरमार पाठवले त्याला सुमारे १३,००० किलोमीटर समुद्र ओलांडावा लागला. १४ जूनला अर्जेंटिनाच्या तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली.

बेटांवर हक्क कोणाचा, हा वाद आजही मिटलेला नाही आणि तो या लेखाचा विषयही नाही. इथे पाहायचे आहे ते तिथले हवाई युद्ध. त्याची गोष्ट बहुधा हॅरियर विमान आणि एक्झोसेट क्षेपणास्त्र या दोन नावांभोवती सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. विमान किती वेगाने उडते यापेक्षा ते लढाईच्या जागी किती मिनिटे थांबू शकते, यावर तिथे बरेच काही ठरले.

कागदावर अर्जेंटिनाची बाजू वरचढ होती. त्यांच्याकडे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारी मिराज आणि डॅगर विमाने होती, शिवाय स्कायहॉक आणि सुपर एतांदार. ब्रिटिशांच्या ताफ्याबरोबर सुरुवातीला निघालेली सी हॅरियर विमाने फक्त २०, आणि त्यांचा वेग ध्वनीपेक्षा कमी. पण अर्जेंटिनाची लढाऊ विमाने मुख्य भूमीवरून, रिओ ग्रांदे, रिओ गायेगोस अशा तळांवरून उडत. तिथून बेटांची राजधानी स्टॅन्ली ७०० ते ८०० किलोमीटर दूर. एवढे जाऊन तेवढेच परत यायचे म्हटल्यावर बेटांवर घालवायला मोजकीच मिनिटे उरत. मिराजचा तो दुप्पट वेग आफ्टरबर्नर पेटवल्यावर मिळतो, आणि आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत आणखी इंधन ओतून जाळणे. तो पेटवला की इंधन कित्येक पटींनी संपते. तेव्हा ज्या वेगाचा दरारा, तो वैमानिकाला वापरताच येत नव्हता. स्कायहॉक आणि सुपर एतांदार यांना हवेत इंधन देता येई, पण ते देणारी हर्क्युलिस टँकर विमाने सगळ्या देशात दोनच होती. मिराज आणि डॅगरना तर तीही सोय नव्हती.

मग स्टॅन्लीच्याच विमानतळाचा उपयोग का केला नाही? कारण तिथली धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर लांब होती. पुकारासारखी हलकी, पंख्याची विमाने तिथून उडत, पण बॉम्ब लादलेल्या वेगवान जेटला ती पुरत नव्हती. एप्रिल महिना हाताशी असताना अर्जेंटिनाने ती लांब केली नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या चुकांत ही सर्वांत महागडी. १ मे रोजी एका मिराजला क्षेपणास्त्राची इजा झाली, परतायला इंधन नव्हते, म्हणून वैमानिकाने याच धावपट्टीवर उतरायचा प्रयत्न केला. खालच्या त्याच्याच देशाच्या तोफांनी ते विमान पाडले आणि तो मारला गेला.

त्यांची विमानवाहू नौकाही होती, ‘व्हेंतिसिंको दे मायो’. २ मेच्या पहाटे तिच्यावरची स्कायहॉक विमाने ब्रिटिश ताफ्यावर सोडायचा बेत होता. विमानाला उचलणारे बल ठरते ते हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगावर, म्हणून नौका वाऱ्याच्या तोंडाला धरून जोरात हाकतात. नौकेचा वेग, समोरचा वारा आणि यांत्रिक गोफणीचा झटका यांची बेरीज पुरेशी झाली, तरच जड विमान उडते. दक्षिण अटलांटिक वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध, पण नेमक्या त्या पहाटे वारा पडला. बॉम्ब घेऊन उडणे अशक्य झाले आणि बेत रद्द झाला. त्याच दिवशी ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. तिच्यावरची ३२३ माणसे गेली आणि त्यानंतर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परतली.

आता ब्रिटिशांचे अंतर पाहू. त्यांना सर्वांत जवळचा विमानतळ अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर होता, तोही फॉकलंडपासून सुमारे ६,३०० किलोमीटर. तिथून व्हल्कन बॉम्बफेक्या विमानाने स्टॅन्लीची धावपट्टी फोडायची असे ठरले. हवेत इंधन भरून लांब जाता येते हे खरे, पण त्याची किंमत वर्गात फळ्यावर मांडून पाहण्याजोगी आहे. समजा, सारख्याच टाकीची दोन विमाने निघाली. एक तृतीयांश टाकी संपल्यावर दोघांकडे दोन तृतीयांश उरते. टँकरला परत जायला एक तृतीयांश लागणार, तेव्हा तो फक्त एक तृतीयांश देऊ शकतो. म्हणजे टँकरच्या भरल्या टाकीतले दोन भाग त्याच्या स्वतःच्या जाण्यायेण्यातच जळाले. आणखी पुढे इंधन द्यायचे तर पुढे जाणाऱ्या टँकरलाच दुसऱ्या टँकरने पाजावे लागते. ३० एप्रिलच्या रात्री एका व्हल्कनसाठी ११ व्हिक्टर टँकर उडाले ते यामुळे.

त्या रात्री मुख्य व्हल्कनची खिडकी नीट बंद होईना म्हणून ते परतले, आणि राखीव म्हणून आलेल्या मार्टिन विदर्स यांच्या विमानावर कामगिरी पडली. इंधन अंदाजापेक्षा जास्त जळत होते. शेवटचे व्हिक्टर बॉब टक्सफर्ड चालवत होते. त्यांनी व्हल्कनला इतके दिले की स्वतःला असेन्शन गाठायला उरले नाही, आणि बॉम्ब पडल्याचा इशारा मिळेपर्यंत मदत मागायला रेडिओही उघडता येईना. नंतर दुसरा टँकर वाटेत भेटला म्हणून ते वाचले. सुमारे १६ तासांच्या उड्डाणात २१ बॉम्ब धावपट्टीवर तिरप्या रेषेत टाकले गेले, त्यातला एक धावपट्टीवर पडला. वाहतुकीची हर्क्युलिस विमाने पुढेही तिथे उतरत राहिली. एका खड्ड्यासाठी इतके इंधन बहुधा दुसऱ्या कोणी कधी जाळले नसेल!

हॅरियरचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या इंजिनाचे झोत खाली वळवता येतात. पण सरळ वर उठायचे तर सगळे वजन एकट्या इंजिनाने उचलायचे, आणि मग इंधन-शस्त्रे कमी न्यावी लागतात. म्हणून थोडे धावून उडणे बरे. ‘हर्मिस’ नौकेच्या डेकच्या टोकाला यासाठी १२ अंशांची चढण होती. धरा की विमान तिथून ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने सुटले. १२ अंशांमुळे त्यातला वर जाणारा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर. नुसत्या दगडासारखे फेकले गेले असे मानले, तरी परत त्याच उंचीवर यायला त्याला २ सेकंद लागतील. प्रत्यक्षात पंख आणि झोत थोडा भार उचलतात, म्हणून वेळ जास्त मिळतो. तेवढ्यात इंजिन वेग वाढवते आणि उरलेला भार पंख घेतात. हीच ‘हर्मिस’ १९८७ मध्ये ‘विराट’ होऊन आपल्या नौदलात आली आणि २०१७ पर्यंत राहिली. मुंबई बंदरात तिला पाहिलेल्यांना ती चढण आठवत असेल. आपली सी हॅरियर विमानेही २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर होती.

सी हॅरियरनी सुमारे २० विमाने पाडली आणि हवेतल्या झुंजीत एकही गमावले नाही. सहा गमावली, ती जमिनीवरच्या माऱ्यात दोन आणि अपघातांत चार.

तरीही २१ मे रोजी सान कार्लोसच्या खाडीत ब्रिटिश फौजा उतरू लागल्या तेव्हा अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी विलक्षण धाडसाने हल्ले चढवले. रडार चुकवण्यासाठी ते पाण्याला घासून येत. पण बॉम्ब विमानापासून दूर जाईपर्यंत फुटू नये म्हणून त्याचा फ्यूज पडायला लागल्यावर काही काळाने सज्ज होतो. ४५ मीटरवरून पडायला ३ सेकंद मिळतात, २० मीटरवरून २, आणि १० मीटरवरून दीडही नाही. कितीतरी बॉम्ब जहाजांची पोलादी कूस फाडून आत शिरले आणि न फुटता पडून राहिले. ‘अँटिलोप’वरचा असा एक बॉम्ब निकामी करतानाच फुटला आणि जहाज बुडाले.

२५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी सुपर एतांदारांनी सोडलेली एक्झोसेट क्षेपणास्त्रे ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर आदळली. १२ माणसे दगावली. या जहाजाबरोबर तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे जळाली. एक चिनूक सुमारे १० टन उचलते, ताफ्यातल्या सी किंगच्या तिपटीहून जास्त. चौथे चिनूक, ‘ब्राव्हो नोव्हेंबर’, त्या वेळी हवेत होते म्हणून वाचले. त्याचे सुटे भाग, हत्यारे, माहितीपुस्तिका, सगळे जहाजात गेले. तरी ते शेवटपर्यंत राबले. एका खेपेत तर त्यात ८१ सैनिक दाटीवाटीने उभे करून नेले.

एकटे चिनूक पुरणार किती? उरलेल्या सी किंगना तोफा आणि गोळे वाहायचे होते. बेटावर रस्ते जवळपास नव्हते, जमीन दलदलीची, दिवस ऐन दक्षिणी हिवाळ्याच्या तोंडाचे. मरीन आणि पॅराशूट दलाचे सैनिक पाठीवर ३५-४० किलो ओझे घेऊन बेट ओलांडत स्टॅन्लीकडे चालत गेले. मागून आलेल्या वेल्श गार्ड्सना वळसा घालून समुद्रमार्गे न्यायचे ठरले. ८ जूनला फिट्झरॉय इथे दिवसाढवळ्या नांगरून पडलेल्या ‘सर गॅलहॅड’वर स्कायहॉकनी बॉम्ब टाकले. या वेळी ते फुटले. ४८ माणसे मेली, त्यांतले ३२ वेल्श गार्ड्स. हल्ला झाला अर्जेंटिनाचा, पण ती माणसे त्या जहाजात होती याचे एक मोठे कारण दोन आठवड्यांपूर्वी जळालेली हेलिकॉप्टरे हे होते.

युद्धात ब्रिटनचे २५५, अर्जेंटिनाचे ६४९ आणि बेटांवरचे ३ रहिवासी मृत्युमुखी पडले. पुढे ब्रिटनने स्टॅन्लीच्या नैर्ऋत्येला माउंट प्लेझंट इथे नवा विमानतळ बांधला. तो १९८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याची धावपट्टी स्टॅन्लीच्या जुन्या धावपट्टीच्या दुप्पट आहे.