उसाच्या गावात झालेली सनस्क्रीनची परीक्षा

हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, त्या सनस्क्रीननं खरंच काही होतं का, की नुसती जाहिरात?" याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावानं दिलंय. तेव्हा तिथं साखर कारखाना होता, भोवती ऊस. लोक बहुतेक गोरे, ऊन कडक, आणि कातडीचा कॅन्सर फार.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात हे 1801 साली जर्मनीत योहान रिटर यांनी दाखवलं. चांदीचा एक क्षार जांभळ्या प्रकाशाच्या पलीकडं, जिथं काहीच दिसत नाही, तिथंच जास्त लवकर काळा पडत होता. हेच अतिनील किरण. विसाव्या शतकात त्यांना अडवणारी क्रीमं आली, पण ती कातडी भाजू नये म्हणून. कॅन्सर टळतो का, हे नीट तपासायला 1992 साल उजाडलं.

नांबूरमधली 1621 माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन वाटण्या केल्या. निम्म्यांनी रोज सकाळी डोकं, मान, हात यांना सनस्क्रीन लावायचं. बाकीच्यांनी नेहमीसारखं, वाटलं तर. त्यांना लावूच नका म्हणणं अन्याय झाला असता. आणि लावतात की नुसतं सांगतात, हे पाहायला परत आलेल्या बाटल्या चक्क वजन करून बघितल्या! मला हे फार आवडलं. आपणही तोंडी हिशेब कुठं मानतो?

साडेचार वर्षांनी दिसलं, की रोज लावणाऱ्यांत एका प्रकारच्या कॅन्सरच्या गाठी सुमारे 40 टक्क्यांनी कमी. दुसऱ्या एका प्रकारात मात्र काहीच फरक नाही. मेलॅनोमा हा सगळ्यात घातक कॅन्सर. त्यासाठी आणखी दहा वर्षं वाट पाहिली. रोज लावणाऱ्यांत 11 जणांना झाला, बाकीच्यांत 22 जणांना. हाताच्या मागच्या कातडीवर सुरकुत्याही कमी पडल्या होत्या.

हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. आपल्या सावळ्या रंगातच थोडं संरक्षण आहे, हा कॅन्सर आपल्यात पुष्कळ कमी. पण वांग उन्हानं गडद होतात, ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. सनस्क्रीननं माणूस गोरा होत नाही, तसं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका. पातळ बोट फिरवलं तर डब्यावरच्या आकड्याइतकं संरक्षण मिळत नाही, आणि घाम आला की दोन तासांनी परत लावावं लागतं. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला ते परवडणार कसं? म्हणून साडीवर घालतो तो पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याचा रुमाल मला जास्त मोलाचे वाटतात. चेहऱ्यापुरतं क्रीम पुरे.

ज्यांना कोड आहे, त्यांचं वेगळं. त्या डागांत रंगच नसल्यानं ते ऊन लागताच भाजतात. तिथं मात्र कापड आणि क्रीम दोन्ही लागतं. कुठलं घ्यायचं ते कातडीच्या डॉक्टरांना विचारा.