घोड्यांचे मालक आणि उपनगराचं मैदान

मुंबईची शर्यत आखातातून आलेल्या घोड्यांच्या टापांवर उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याहून आणि तिकडच्या बंदरांतून अरबी घोडे जहाजांनी मुंबईत उतरत. लष्कर ते विकत घेई, संस्थानिक घेत, आणि कोणत्या घोड्यात किती दम आहे ते भायखळ्याच्या माळावर कळे. 1883 साली शर्यती महालक्ष्मीला आल्या. मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर हा ट्रॅक आखला गेला. पहिली इंडियन डर्बी 1943 साली झाली आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं, बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या मालकीच्या. चार वर्षांनी त्यांच्याच ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्यानं इंग्लंडमध्ये सेंट लेजरची शर्यत मारली. माझे वडील लालबागला गिरणीत फिटर होते, पण हे नाव ते स्वतःच्या घरचा मुलगा पहिला आल्यासारखं उच्चारत.

ते महालक्ष्मीला तिसऱ्या एन्क्लोजरमध्ये कठड्याला टेकून उभे राहणारे. घोडा पॅडॉकमध्ये कसा चालतो, घाम कुठे फुटलाय, कान कुठे आहेत, हे मी त्यांच्याकडून शिकले. पुढे आम्ही अंधेरीला राहायला आलो, माझा धंदा बरा चालला आणि एका घोडीत मी चार आण्यांचा हिस्सा घेतला. लोकांना वाटतं मालकी म्हणजे सूट, टोपी आणि करंडकाबरोबरचा फोटो. मालकी म्हणजे दर महिन्याचं ट्रेनरचं बिल, नालबंद, डॉक्टर, आणि पहाटे फोन वाजला की पोटात उठणारा गोळा: पाय दुखावला तर नाही? बहुतेक घोडे आपल्या चाऱ्याचेही पैसे फेडत नाहीत. तरी माणसं घोडे ठेवतात, कारण त्या जनावरावर जीव जडतो. त्याची निगा राखणारा सईस रात्री त्याच्याजवळ झोपतो. माझ्या मते शर्यतीतला सगळ्यात मोठा माणूस तोच.

पावसाळा लागला की घोडे पुण्याला जातात. जुलैपासून शर्यती तिकडे, मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो. आणि नेमक्या पावसाळ्याच्या महिन्यांत मुंबईचं फुटबॉल चिखलात उतरतं. शाळांचे सामने, चर्चच्या आवारातले सामने, गावठाणांतल्या पोरांचे सामने. आंबोली, मरोळ, वाकोला, ओर्लेम इथल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. घोडी पुण्याला गेली की माझे रविवार मोकळे होतात. त्या मोकळ्या रविवारी मी आमच्या भागातल्या एका छोट्या क्लबच्या पोरांकडे जाऊ लागले, आणि आता त्यांचे बूट, पंचांचं मानधन, सामन्याच्या दिवशीची केळी आणि पाणी माझ्याकडे आहे.

घोड्याच्या मालकानं दुसऱ्या खेळाला हात द्यावा, ही मुंबईत नवी गोष्ट नाही. तिसरे आगाखान विशीच्या आतले असताना, 1896 साली, त्यांच्या नावानं इथे हॉकीची स्पर्धा सुरू झाली. पुढे त्यांच्या घोड्यांनी एप्समची डर्बी पाच वेळा जिंकली, तरी माझ्या लेखी त्या हॉकीच्या चषकाचं मोल मोठं आहे. घोड्याचं यश मालकाच्या नावावर जमा होतं, चषक मात्र खेळणाऱ्यांचा होतो.

फुटबॉलला असा आश्रय मुख्यतः कंपन्यांनी दिला. टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांनी 1956च्या ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तेही मेलबर्नमध्येच. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. आज वांद्र्याच्या मैदानाला त्यांचं नाव आहे, ही या शहरानं केलेली फार योग्य गोष्ट. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, रेल्वे, कस्टम्स: नोकरी मिळाली की पोरगा दुपारनंतर सरावाला मोकळा. ही घडी विस्कटत गेली. 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्राचा संघ 2010मध्ये बंद झाला.

मग आखात पुन्हा मुंबईत आलं, या वेळी पैशाच्या रूपानं आणि थेट अंधेरीत. 2014 साली स्थापन झालेली मुंबई सिटी एफसी 2016पासून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात खेळू लागली, आणि 2019मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं तिचा 65 टक्के हिस्सा घेतला. हे शेख अरबी घोड्यांच्या शर्यतींचे जगभरातले मोठे आश्रयदाते. संघानं 2020-21मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. डिसेंबर 2025मध्ये, लीगचंच भवितव्य टांगणीला लागलेलं असताना, ग्रुपनं तो हिस्सा सोडला.

मला त्यांचा राग येत नाही. मालक येतो आणि जातो, घोडाही विकला जातो. शर्यत टिकली ती ट्रॅकमुळे आणि वेळापत्रकामुळे. महालक्ष्मीची जागा आता आक्रसली आहे, 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेली आणि 91 एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे 30 वर्षांच्या करारानं राहिली. पण येत्या फेब्रुवारीत डर्बी कुठे आहे, हे लहान पोरालाही सांगता येतं. उपनगरातल्या फुटबॉलच्या पोराला पुढच्या रविवारी मैदान मिळेल का, हे त्याच्या प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. 1988मध्ये उभं राहिलेलं अंधेरीचं संकुल हे उपनगरांचं मोठं भाग्य. तिथेच 1996मध्ये मायकल जॅक्सन गायला. जून 2018मध्ये सुनील छेत्रीनं लोकांना मैदानावर येण्याची विनवणी केली आणि दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला भर पावसात हेच स्टेडियम भरलं. लोक येतात. पण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या हजारो पोरांना एक संकुल कसं पुरणार? त्यांना हवी आहेत साधी मैदानं, जिथे लग्नाचा मांडव आणि राजकीय सभा फुटबॉलच्या आधी येणार नाहीत.

म्हणून माझ्या ओळखीच्या घोडेमालकांपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. एका घोड्याचा वर्षभराचा खर्च सगळ्यांनी मिळून बाजूला काढायचा आणि मुदत ठेवीत टाकायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून बारा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा, दर ऑगस्टमध्ये, ठरलेल्या रविवारी. प्रवेश फी नाही. पंचांचे पैसे त्याच संध्याकाळी. मैदानाचं भाडं वर्षभर आधी भरून पावती हातात. चषकावर आमच्यापैकी कुणाचंही नाव नसेल. दोघांनी होकार दिला आहे, एकानं ट्रेनरला विचारून सांगतो म्हटलंय, आणि मुलुंडच्या एका शाळेनं आपलं मैदान पहिल्या वर्षासाठी देऊ केलं आहे.