सुई टोचते कोणाला, आणि अपघात 'मोठा' ठरतो कोणाचा?

रुग्णालयात वापरलेली सुई वरून खाली प्रवास करते. डॉक्टरच्या हातून ट्रेमध्ये, ट्रेमधून पिशवीत, पिशवीतून सफाई कामगाराच्या तळहातात. परिचारिकेला ती टोचली तर रुग्ण कोण हे निदान ठाऊक असते. पिशवी उचलणाऱ्याला तेही कळत नाही. हा पिशवी उचलणारा बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

1984 मध्ये एका परिचारिकेला सुई टोचून एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 1997 मध्ये एका अभ्यासाने दाखवले की लगेच झिडोव्हुडिन घेतल्यास लागणीचा धोका सुमारे 81 टक्क्यांनी घटतो. 2000 साली अमेरिकेत सुरक्षित सुयांचा कायदा झाला. म्हणजे उपाय सापडून पाव शतक उलटले आहे.

आपल्याकडे 1998 मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, तेही पर्यावरण कायद्याखाली. 2016 च्या नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून एकदा तपासणी करणे रुग्णालयाचे कर्तव्य ठरवले. पण त्याच नियमांत 'मोठा अपघात' या शब्दाची व्याख्या वाचा. कचऱ्याचा ट्रक उलटला तर मोठा अपघात; सुई टोचली तर नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे! ज्याच्या हातात सुई घुसली, त्याच्यासाठी यापेक्षा मोठा अपघात कोणता?

म्हणून मित्रांनो, हे पाठ करा आणि वस्तीत सांगा. सुई टोचली की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. मुकादम ओरडेल म्हणून लपवू नका; लगेच कळवा आणि लेखी नोंद करून घ्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 28 दिवस घ्यावे लागते. लस झालेली नसेल तर हिपॅटायटिस बीचे उपचारही त्याच वेळी मागा, कारण त्याचा संसर्ग एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज होतो. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण वेळेत निदान झाले तर तो औषधांनी बरा होतो. म्हणून पहिली रक्ततपासणी लगेच आणि पुढच्या तपासण्या ठरल्या तारखांना करा.

'तू कंत्राटी आहेस' असे कोणी म्हणाले तर 2017 च्या एचआयव्ही कायद्याचे कलम 19 पुढे करा. आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेत काम करताना ज्यांना लागणीचा धोका आहे, त्या सर्वांना हे औषध देणे संस्थेवर बंधनकारक आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही.

1936 मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात श्रमिकांनाच एकावर एक रचून ठेवते. रुग्णालयातली सुई त्याच उतरंडीने खाली येते. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगाराचे आरोग्य हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न मानला. संविधानाच्या 42 व्या अनुच्छेदातली कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती ही जयंतीच्या भाषणापुरती नाही. आपल्या भागातल्या रुग्णालयात जा आणि विचारा: सफाई कामगारांना लस दिली का? सुई टोचल्याची नोंदवही दाखवता का? वही कोरी असेल तर सुया टोचत नाहीत असे समजू नका. तिथे आपली माणसे अजून बोलत नाहीत, एवढाच तिचा अर्थ.

जय भीम!