अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन'

बायबलच्या जुन्या करारातील 'उपदेशक' हे पुस्तक मराठी वाचकाच्या लक्षात राहते ते 'व्यर्थ' या एका शब्दामुळे. मूळ हिब्रू शब्द आहे 'हेवेल'. त्याचा अर्थ वाफ, श्वास. वाफ विरते, म्हणून ती निरर्थक ठरत नाही. क्षणिक आणि व्यर्थ यांतला हा भेद भाषांतरात पुसट झाला. तेच पुस्तक श्रमात आणि अन्नपाण्यात आनंद मानावयासही सांगते, याची चर्चा मात्र आपल्याकडे क्वचितच होते.

नांदेड-लातूरच्या वर्गांत हा भेद शिकविताना तो केवळ शब्दकोशातला राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, ते आज वर्गात बसणाऱ्या मुलांनी पाहिलेले नाही. घरात ऐकलेले आहे. नाशिवंत देहाची भाषा तर नरसीच्या नामदेवांपासून या मातीच्या अंगवळणी पडलेली.

याच भाषेत नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आपला ख्रिस्त मांडला. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग निवडला तो धर्मप्रसाराची सोय म्हणून, हे मत आम्हांस उथळ वाटते. आयुष्य थोडे आहे, ही वारकरी जाणीव टिळकांनी तशीच ठेवली. तिला जोड दिली ती शेजाऱ्याच्या सेवेची. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी ते गेले. अभ्यासक्रमात मात्र आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून सोडून देतो. ही सोयीची वाटणी आहे. फूल कोमेजते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्या फुलाकडे पाहण्यातली श्रद्धा वगळली तर उरते ती नुसती गोडी.

टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरे गिरवलेली ही बाई. पतीच्या धर्मांतराने तिच्यावर आकाश कोसळले होते, आणि ख्रिस्ती व्हायला तिने आणखी पाच वर्षे घेतली. 'स्मृतिचित्रे'त ती आपल्याच सोवळ्याओवळ्याला हसते, पतीच्या लहरींनाही हसते. मृत्यू, प्लेग, दारिद्र्य यांची चित्रे काढतानाही तिचा सूर उपदेशकाचा होत नाही. शहाणपण ते हेच, असे आम्ही मानतो. आणि धर्मशास्त्राच्या पुष्कळ पोथ्यांपेक्षा ते आम्हांस अधिक ख्रिस्ती वाटते.

तिने साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या काव्याच्या आरंभावर दुसऱ्याचे नाव होते, ते तिने उतारवयात आपले काम मानले. ग्रंथ छापून आला १९३८ साली. लक्ष्मीबाई फेब्रुवारी १९३६ मध्येच निवर्तल्या होत्या.