कॅन्सस सिटी मोनार्क्स
कॅन्सस सिटी मोनार्क्स हा अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ होता. १९२० मध्ये स्थापन झालेला हा संघ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या 'नीग्रो लीग' स्पर्धांतील सर्वांत यशस्वी संघांपैकी एक मानला जातो. वर्णभेदाचा अडसर दूर होताच मेजर लीगमध्ये गेलेले अनेक खेळाडू या संघातून खेळले होते. मात्र त्यांचे हे जाणेच संघाच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले.

पार्श्वभूमी व स्थापना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक संघांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. तसा लेखी नियम नव्हता, परंतु संघमालकांमधील अलिखित संकेत कसोशीने पाळला जात असे. फेब्रुवारी १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे झालेल्या बैठकीत नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. मोनार्क्सचे संस्थापक जे. एल. विल्किन्सन हे या लीगमधील एकमेव श्वेतवर्णीय संघमालक होते. त्यांनी यापूर्वी विविध वंशांच्या खेळाडूंचा 'ऑल नेशन्स' हा फिरता संघ चालवला होता. त्या संघातील तसेच लष्कराच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटच्या संघातील खेळाडू मोनार्क्समध्ये दाखल झाले.

सुरुवातीची वर्षे

मोनार्क्सने १९२३, १९२४, १९२५ व १९२९ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. १९२४ मध्ये दोन कृष्णवर्णीय लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली जागतिक मालिका झाली. तीत मोनार्क्सने हिलडेल संघाला पाच विरुद्ध चार सामन्यांनी हरवले. एक सामना बरोबरीत सुटला. पुढील वर्षी मात्र हिलडेलने पराभवाची परतफेड केली.

१९३० मध्ये विल्किन्सन यांनी वाहनांवरून नेता येणारी दिव्यांची यंत्रणा तयार करून घेतली आणि प्रकाशझोतात सामने सुरू केले. मेजर लीगमधील पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी झाला. या यंत्रणेमुळे दिवसभर काम करणाऱ्यांना संध्याकाळी सामना पाहणे शक्य झाले. आर्थिक मंदीच्या काळात संघ गावोगावी सामने खेळून टिकून राहिला. १९३७ मध्ये तो नव्या नीग्रो अमेरिकन लीगमध्ये सामील झाला. १९४२ च्या जागतिक मालिकेत त्याने होमस्टेड ग्रेज संघाला पराभूत केले.

उल्लेखनीय खेळाडू

• बुलेट रोगन – पिचर (चेंडू फेकणारा) व फलंदाज या दोन्ही भूमिकांत निष्णात.
• होसे मेंडेझ – क्यूबाचा पिचर. १९२४ च्या विजयी संघाचा खेळाडू-व्यवस्थापक.
• सॅचेल पेज – संघाचा सर्वांत लोकप्रिय पिचर. १९४८ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी मेजर लीगमध्ये पदार्पण.
• हिल्टन स्मिथ – पेजच्या प्रसिद्धीमुळे काहीसा झाकोळला गेलेला कुशल पिचर.
• जॅकी रॉबिन्सन – १९४५ च्या हंगामात संघाकडून खेळला; १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून पदार्पण करून आधुनिक मेजर लीगमधील वर्णभेद मोडला.
• बक ओ'नील – प्रथम खेळाडू, नंतर व्यवस्थापक. १९६२ मध्ये शिकागो कब्जचा, तसेच मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक.
• अर्नी बँक्स – १९५३ मध्ये शिकागो कब्ज संघात दाखल.

ऱ्हास व वारसा

रॉबिन्सनला करारबद्ध करताना डॉजर्सने मोनार्क्सला कोणताही मोबदला दिला नाही. त्यानंतर गुणी खेळाडू मेजर लीगकडे वळले आणि त्यांच्यामागोमाग प्रेक्षकही गेले. १९४८ मध्ये विल्किन्सन यांनी आपला हिस्सा विकला. १९५५ मध्ये मेजर लीगचा ॲथलेटिक्स संघ कॅन्सस सिटीत आला. त्याच सुमारास मोनार्क्सची पुन्हा विक्री झाली व नव्या मालकाने संघ मिशिगन राज्यात हलवला. १९६० च्या दशकात संघ बंद पडला.

विल्किन्सन यांचा २००६ मध्ये, तर ओ'नील यांचा २०२२ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. नीग्रो लीगचा इतिहास जतन करणारे संग्रहालय कॅन्सस सिटी येथेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला.